न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग

‘निवृत्तीनंतर निवांत वाचू’ असे म्हणत बाजूला ठेवलेली पुस्तके अनेक घरांत असतात. निरोप समारंभात मिळालेले ग्रंथ, प्रदर्शनातून हौसेने आणलेल्या कादंबऱ्या, मागच्या दोन-तीन दिवाळ्यांचे अंक. निवृत्ती येते, निवांतपणाही येतो. ढीग मात्र तसाच राहतो. घरची मंडळी म्हणतात, ‘वय झाले, आता वाचनात मन रमत नाही.’ हे विधान तपासल्याशिवाय मान्य करू नये. नियमित वाचणारी व्यक्ती वाचन सोडते, तेव्हा त्यामागे पुष्कळदा दूर करता येण्याजोगे कारण असते.

पहिले कारण डोळ्यांचे. मोतीबिंदू हळूहळू वाढतो, त्यामुळे तो अनेकांच्या लक्षातच येत नाही. ‘हल्ली छपाई फिकी असते’ अशी तक्रार तेवढी ऐकू येते. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा प्रारंभी दुखत नाही आणि दिसण्यातही फरक पडत नाही. म्हणून मधुमेहींनी वर्षातून एकदा पडद्याची तपासणी करून घ्यावी. चष्मा लावून, एकेक डोळा झाकून चार ओळी वाचाव्यात. सरळ ओळ मध्येच वाकडी दिसली किंवा शब्दाच्या मधोमध डाग आला, तर नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब लावू नये.

दुसरे कारण प्रकाशाचे. विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. छताचा एक दिवा म्हणूनच पुरत नाही; खांद्यामागून पानावर पडणारा स्वतंत्र दिवा हवा. पुस्तक मांडीवर ठेवून मान वाकवण्यापेक्षा पोथीच्या ठवणीसारख्या तिरक्या आधारावर ठेवावे. वाचताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी नजर दूर न्यावी.

तिसरे कारण मनाचे आणि मेंदूचे. वाचनाबरोबर बोलणे, जेवण आणि झोपही कमी झाली असेल, तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत. नेहमीच्या व्यवहारांतही गोंधळ होत असेल, तर स्मरणशक्तीची तपासणी करावी. कालपर्यंत वाचणाऱ्या माणसाला आज अचानक अक्षर उमगेनासे झाले, तर तो पक्षाघात असू शकतो. तत्काळ रुग्णालय गाठावे.

कारण दूर झाले, तरी ढिगाचे ओझे उरतेच. औषधाप्रमाणे वाचनाचीही मात्रा ठरवावी. आपल्या जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांचा ‘दासबोध’ अनेक घरांत पुजला जातो, वाचायचा मात्र राहून जातो. या ग्रंथात 20 दशके आणि प्रत्येक दशकात 10 समास, असे एकूण 200 समास आहेत. एक समास सावकाश वाचायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. गणेशचतुर्थीला आरंभ करून रोज एक समास वाचला, तर गुढीपाडव्याच्या सुमारास ग्रंथ पूर्ण होतो. कादंबरीचे रोज एक प्रकरण वाचावे, दिवाळी अंकातील एक कथा. पन्नास पाने वाचूनही न रुचलेले पुस्तक निःसंकोच बाजूला ठेवावे; विकत घेतले म्हणून ते संपवलेच पाहिजे, असे बंधन नाही. नको असलेली पुस्तके गावच्या वाचनालयाला विचारून द्यावीत.

ढीग पलंगाजवळ जमिनीवर मात्र नसावा. रात्री उठताना पाय अडखळून खुब्याचे हाड मोडू शकते. पुस्तकांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी. दमा असलेल्यांनी ते काम दुसऱ्यावर सोपवावे.

वाचनाने स्मृतिभ्रंश हमखास टळतो, असे आश्वासन कोणीही देऊ शकत नाही. पण वाचलेल्यावर बोलायला माणूस मिळाला, की एकटेपणा खचितच उणावतो. ज्यांची दृष्टी सुधारण्यापलीकडे गेली आहे, त्यांना घरातील कोणीतरी रोज दहा मिनिटे वाचून दाखवावे. नातवंडाचे मराठी त्या निमित्ताने सुधारेल, हा वरचा लाभ. काळजीवाहकांना एवढेच सांगणे: आजोबांच्या उशाशी पुस्तक बरेच दिवस मिटलेले दिसले, तर ते उचलून कपाटात ठेवण्याआधी ते का मिटले, हे त्यांना विचारा.