आनंदाची जबाबदारी कोणाची?



एप्रिल उजाडला की कुवेतमधील आपल्या घराघरांत भीमजयंतीची लगबग सुरू होते. रुमैथियात असो वा शेजारच्या साल्मियात, वंदना, व्याख्यान, भीमगीते आणि भोजनदान यांच्या जोडीला आता मुलांसाठी खेळही ठेवले जातात. त्यांतील सर्वांत लाडका खेळ म्हणजे हवेने फुगवलेला जंपिंग कॅसल. गावाकडच्या जत्रेत ज्याला ‘मिकी माऊस’ म्हणतात तोच. हा आनंद मुलांच्या हक्काचा आहे. म्हणूनच त्याच्या सुरक्षिततेचा विचार व्याख्यात्याच्या निवडीइतक्याच गांभीर्याने व्हावा, असे आम्हांस वाटते.

14 एप्रिल हा दिवस येथील ‘सरायात’च्या काळात येतो. स्वच्छ दुपारी पाहता पाहता आभाळ भरून येते, सोसाट्याचा वारा सुटतो आणि धूळ उठते. अशा वाऱ्यापुढे फुगवलेला कॅसल म्हणजे केवळ एक शीड असते. युरोपीय मानकानुसार वारा ताशी 38 किलोमीटरच्या वर गेल्यास त्याचा वापर थांबवावा लागतो आणि तो किमान सहा ठिकाणी जखडलेला असावा लागतो. फरशीच्या अंगणात वा डांबरी पार्किंगमध्ये खुंटी शिरत नाही. तेथे प्रत्येक दोराला 163 किलो वजन बांधावे, असे ब्रिटनमधील मार्गदर्शन आहे. वाळूच्या दोन-चार पिशव्यांवर हे भागणारे नव्हे.

26 मार्च 2016 रोजी इंग्लंडमधील हार्लो येथे वाऱ्याने उडालेल्या कॅसलमध्ये सात वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. तो नीट न जखडल्याबद्दल व हवामानाकडे लक्ष न दिल्याबद्दल चालकांना 2018 मध्ये तुरुंगवास झाला. 16 डिसेंबर 2021 रोजी ऑस्ट्रेलियातील डेव्हनपोर्ट येथे शाळेच्या मैदानावर अशाच दुर्घटनेत सहा मुले दगावली. तेथील चालक मात्र 2025 मध्ये निर्दोष ठरली. निकाल कोणताही लागो, न्यायालय घटनेनंतरच बोलते. मुलांचे रक्षण त्याआधी करायचे असते, आणि ते आयोजकांच्याच हाती असते.

भाडे दिले, पावती घेतली, म्हणजे जबाबदारीही भाड्याने देणाऱ्याकडे गेली, असा समज आपल्यात रूढ आहे. तो चुकीचा आहे. कुवेतच्या 1980 च्या दिवाणी कायद्यातही स्वतःच्या चुकीने दुसऱ्याची हानी करणाऱ्यावर भरपाईचे दायित्व आहे. जागा कोणी निवडली, वारा वाढल्यावर खेळ कोणी चालू ठेवला, हे प्रश्न आयोजकांनाही विचारले जाऊ शकतात.

मंडपाचेही तसेच. 15 ऑगस्ट 2009 रोजी येथील जहरामध्ये लग्नाच्या तंबूला आग लागून पन्नासहून अधिक स्त्रिया व मुले मृत्युमुखी पडली. आग मुद्दाम लावलेली होती हे खरे. परंतु तंबूला बाहेर पडण्याचा मार्ग एकच होता, हेही तितकेच खरे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. भाड्याचा करार लेखी असावा आणि त्यात जखडण्याची पद्धत, देखरेख करणारा माणूस व विमा यांचा स्पष्ट उल्लेख असावा. लहान व मोठी मुले एकाच वेळी आत सोडू नयेत. हवा भरणारा पंखा बंद पडताच सर्वांना बाहेर काढावे. मंडपाला दोन मोकळे दरवाजे असावेत आणि 112 हा क्रमांक प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ असावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका व्यक्तीला खेळ थांबवण्याचा पूर्ण अधिकार द्यावा. तिने ‘बंद’ म्हटल्यावर अध्यक्षांनीही ‘पाचच मिनिटे’ असा आग्रह धरू नये.

धम्मपदातील दुसरा वग्ग अप्पमादाचा, म्हणजे सदैव जागरूक राहण्याचा आहे. वंदनेत आपण प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील घेतो. आपल्या निष्काळजीपणामुळे कोणाचा जीव जाऊ नये याची दक्षता घेणे, हाही त्या शीलाचाच आचार आहे. यंदाच्या जयंतीची पहिली बैठक भरेल, तेव्हा खर्चाच्या यादीआधी हा विषय पत्रिकेवर यावा.

नमो बुद्धाय. जय भीम.