रजा संपली, पुढे काय?



गेल्या महिन्यात केंद्रावर एक बाई आली. बाळंतपणाची रजा संपवून कामावर गेली, तर तिच्या टेबलावर दुसरीच. ‘तुला आता झेपणार नाही’ म्हणत साहेबांनी तिला कमी पगाराच्या कामावर टाकले. नोकरी राहिली यातच घरचे समाधानी. दुधाने भरून दुखणाऱ्या छातीबद्दल ती कुणाशीच बोलली नव्हती.

नोकरी राखली ही साहेबांची मेहेरबानी नव्हे आणि पगार कापणे हा त्यांचा अधिकारही नव्हे. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्याने दिलेले संरक्षण २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. रजेमुळे बाईला काढता येत नाही, सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या सुटीखेरीज दोनदा पाजायला वेळ मिळालाच पाहिजे. ५० कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवे आणि दिवसातून चारदा तिथे जाण्याची मुभाही.

इथे ‘५० बाया’ नव्हे, ‘५० कर्मचारी’ म्हटले आहे. म्हणजे पाळणाघर ही एकट्या आईची मागणी नाही. युनियनने, बापांनीही ती करायला हवी.

आपण काय करायचे? रजेच्या अर्जाची पोच जपून ठेवायची. बदललेले काम लेखी मागायचे. राजीनाम्यावर सही करायची नाही. तक्रार कामगार विभागाकडे न्यायची, आणि तिच्यासोबत आपण जायचे.

घरकामगार, शेतमजूर बायांना तर पगारी रजाही नाही. त्यांच्याशिवाय ही लढाई अपुरीच.