टायरचे पैसे कोणी दिले?

मागच्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत ‘गुणवत्तेला पर्याय नाही’ हा विषय होता. मी अनुकूल बाजूने बोलले. उदाहरण घेतले लुईस हॅमिल्टनचे. इंग्लंडमधल्या स्टीव्हनेज या गावातला, साध्या घरातला, कृष्णवर्णीय मुलगा. आजोबा ग्रेनाडा बेटावरून पोटासाठी आलेले. आणि असा मुलगा फॉर्म्युला वनचा सात वेळा जगज्जेता होतो! ‘अंगी गुण असला की तळातला माणूसही शिखर गाठतो,’ या वाक्यावर मी भाषण संपवले. टाळ्या पडल्या. दुसरे बक्षीस मिळाले. परीक्षकांनी ‘उदाहरण ताजे होते’ असा शेराही मारला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा दादा गॅरेजमधून नुकताच आला होता. मोरीत बसून हातांचे ग्रीस काढत होता. म्हणाला, “काय बोललीस ते म्हणून दाखव.” मी भाकरी थापणाऱ्या आईच्या शेजारी उभी राहून सगळे भाषण पुन्हा म्हटले. त्याने नीट ऐकून घेतले आणि मग विचारले,

“चांगलं बोललीस. पण मला एक सांग, आठ वर्षांच्या पोराच्या टायरचे पैसे कोण देत होतं?”

मला राग आला. एवढ्या मोठ्या विषयात टायर कुठून आले? पण दादाला या बाबतीत माझ्यापेक्षा जास्त कळते, हे मला कबूल करायला हवे. रात्री जेवणानंतर तो मोबाईलवर शर्यती बघत बसतो. एकदा गिऱ्हाइकाची गाडी पोचवायला कोल्हापूरला गेला होता, तेव्हा तिथल्या कार्टिंगच्या ट्रॅकच्या कुंपणाशी तासभर उभा राहून आला होता. त्याने मला समजावून सांगितले. कार्ट म्हणजे लहान मुलांचे खेळणे नव्हे. तिला स्प्रिंग नसतात, शॉकअप नसतात, डिफरन्शिअल नसते. मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली. त्यामुळे वळणावर आतले मागचे चाक जरासे उचलले गेले नाही तर गाडी वळतच नाही, टायर नुसते घासत राहतात. ते चाक कधी आणि किती उचलायचे, हे पोराला स्टिअरिंगवरच्या हातांनी शिकावे लागते. ते शिकायचे तर फेऱ्यांमागून फेऱ्या मारायच्या. “आणि प्रत्येक फेरीत रबर जातं, पेट्रोल जातं, इंजिन झिजतं,” दादा म्हणाला. “पोरगं हुशार आहे हे कळायच्या आधीच खर्च सुरू होतो.”

हे शेवटचे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. मी पुन्हा वाचायला बसले. भाषणासाठी वाचले होते तेव्हा मी फक्त विजय टिपून घेतले होते. या वेळी विजयांच्या मधल्या जागा वाचल्या.

हॅमिल्टनचा जन्म 1985 चा. आठ वर्षांचा असताना, 1993 मध्ये, त्याने कार्टिंग सुरू केले. कार्ट नवी नव्हती, वापरलेली होती. वडील अँथनी रेल्वेत नोकरीला होते. मुलाचा खेळ चालावा म्हणून त्यांनी कायमची नोकरी सोडून कंत्राटी कामे धरली. एका वेळी दोन-तीन कामे केली. घरविक्रीच्या पाट्या ठोकण्यापासून भांडी घासण्यापर्यंत कशालाही कमी लेखले नाही. अट एकच होती : शाळेचा अभ्यास बुडता कामा नये. दहाव्या वर्षी, 1995 मध्ये, लुईस त्याच्या वयोगटात ब्रिटनचा विजेता झाला. त्याच वर्षी एका बक्षीस समारंभात मॅक्लारेन संघाचे प्रमुख रॉन डेनिस यांच्यासमोर जाऊन, एक दिवस मला तुमची गाडी चालवायची आहे, असे त्याने सांगून टाकले. डेनिस यांनी त्याच्या वहीत, नऊ वर्षांनी फोन कर, अशा अर्थाचे काही लिहून दिले. पण नऊ वर्षे लागली नाहीत. 1998 मध्ये, लुईस तेरा वर्षांचा असताना, मॅक्लारेन आणि मर्सिडीज यांनी त्याला आपल्या होतकरू चालकांच्या योजनेत घेतले आणि पुढच्या खर्चाचा भार उचलला.

इथून पुढची शिडी सरळ दिसते, पण तिच्या पायऱ्या उंच आहेत. 2000 साली तो कार्टिंगमध्ये युरोपचा विजेता झाला. मग कार्ट सोडून एका आसनाच्या, उघड्या चाकांच्या गाडीत बसायचे. ब्रिटनच्या फॉर्म्युला रेनोमध्ये 2002 ला तिसरा, 2003 ला दहा शर्यती जिंकून पहिला. मग युरोपातली फॉर्म्युला थ्री : पहिल्या वर्षी, 2004 ला, एकच विजय आणि पाचवा क्रमांक, दुसऱ्या वर्षी वीसपैकी पंधरा शर्यती जिंकून अजिंक्यपद. 2006 ला जीपी टू ही फॉर्म्युला वनच्या उंबरठ्यावरची स्पर्धा. तिच्यात इस्तंबूलला त्याची गाडी गरगरली आणि तो बराच मागे पडला. तिथून एकेकाला ओलांडत तो दुसरा आला. अजिंक्यपदही मिळाले. 2007 मध्ये फॉर्म्युला वनची पहिलीच शर्यत त्याने मेलबर्नला तिसऱ्या क्रमांकाने संपवली. त्या वर्षी जगज्जेतेपद एका गुणाने हुकले. 2008 ला ते एका गुणानेच मिळाले, तेही शेवटच्या शर्यतीच्या शेवटच्या वळणांवर.

तेव्हा माझे भाषण खोटे होते का? अजिबात नाही. वीसपैकी पंधरा शर्यती पैशाने जिंकता येत नाहीत. त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या कितीतरी मुलांचे बाप लखपती नव्हे, कोट्यधीश होते. त्या सगळ्यांना मागे टाकणारा हात लुईसचाच होता. गुणवत्ता खरी असते, आणि ती शर्यतीत दिसते. माझे चुकले ते एवढेच, की शर्यतीच्या आरंभरेषेवर उभे राहण्याचेही शुल्क असते आणि ते गुणांत भरता येत नाही, हे मी विसरले. 1993 ते 1998 ही पाच वर्षे ते शुल्क एका बापाने भरले. 1998 पासून एका संघाने भरले. या दोहोंपैकी एक जरी हात काढून घेतला गेला असता, तर लुईस हॅमिल्टन तितकाच गुणी राहिला असता, पण आपल्याला त्याचे नाव ठाऊक नसते. मी ‘तळातला माणूस शिखर गाठतो’ म्हणाले तेव्हा शिडी कोणी धरली होती हे सांगितलेच नाही.

दादाला मी हे सांगितले तेव्हा त्याने फ्रान्सच्या एस्तेबान ओकोनची गोष्ट काढली. ती त्याला साहजिकच जवळची, कारण ओकोनचा बाप गॅरेजवाला. मुलाच्या कार्टिंगसाठी आईबापांनी राहते घर विकले आणि तिघे एका फिरत्या घरगाडीत राहून शर्यतींच्या गावोगाव फिरले. पोराने 2014 ला युरोपची फॉर्म्युला थ्री जिंकली आणि 2016 ला तो फॉर्म्युला वनमध्ये आला. पण 2018 मध्ये त्याच्या संघाची मालकी बदलली. दुसऱ्या एका चालकाच्या श्रीमंत वडिलांच्या पुढाकाराने तो संघ विकत घेतला गेला, आणि 2019 ला ओकोनला शर्यतीची गाडीच मिळाली नाही. त्यानंतर तो परत आला आणि 2021 ला हंगेरीची शर्यत जिंकला, हे त्याचे मोठेपण. पण घर विकूनसुद्धा खुर्ची पक्की होत नाही, हे त्या गोष्टीतले कटू सत्य आहे.

मित्रहो, इथे कुणी म्हणेल की हा खेळच मुळात श्रीमंतांचा, त्याचे आम्हाला काय? मलाही आधी तसेच वाटले. पण खुद्द हॅमिल्टननेच जाहीरपणे म्हटले आहे की आजच्या काळात आपल्यासारख्या घरातला मुलगा ही शिडी चढू शकला नसता. एवढेच म्हणून तो थांबला नाही. ब्रिटनच्या अभियांत्रिकी अकादमीला बरोबर घेऊन त्याने एक आयोग नेमला. 2021 मध्ये आलेल्या त्याच्या अहवालात नुसता चालकांचा विचार नाही. कृष्णवर्णीय मुले शाळेतच कुठे आणि का गळतात, याचा शोध आहे. म्हणजे शिखरावर गेलेल्या माणसाने मागे वळून पायऱ्या मोजल्या. शिखराचे कौतुक करणाऱ्या माझ्यासारख्यांना मात्र ते सुचले नव्हते.

आपल्या देशाकडे पाहा. फॉर्म्युला वनच्या शर्यतींत आजवर दोनच भारतीय उतरले : 2005 ला नारायण कार्तिकेयन आणि 2010 ला करुण चंढोक. 2011 मध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला मोठा थोरला ट्रॅक झाला. 2011, 2012 आणि 2013 अशी तीन वर्षे तिथे जगातले सगळे चालक येऊन गेले. वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने भरली. नंतर ते येईनासे झाले. ट्रॅक बांधण्यात चूक नव्हती. पण ती शिडीची वरची पायरी होती, आणि खालच्या पायऱ्या नसलेली शिडी भिंतीवर टांगून ठेवण्यापलीकडे कशाच्या उपयोगाची? ज्या पोराला आठव्या वर्षी साधी कार्ट हाताळायला मिळत नाही, त्याच्यासाठी तो ट्रॅक म्हणजे टीव्हीवरचे चित्रच.

आणि हीच आपली रीत आहे, फक्त मोटारींच्या बाबतीत नव्हे. आपण पिकलेल्या फळाची पूजा करतो आणि रोपाला पाणी घालायला विसरतो. दहावी-बारावीचा निकाल लागला की गुणवंतांचे सत्कार होतात. शाल मिळते, श्रीफळ मिळते, फोटो छापून येतो. सत्कार वाईट नव्हे. पण ज्याला नव्वद टक्के मिळाले त्याची पाच वर्षे कोणीतरी आधीच निभावून नेलेली असतात. ज्याची निभावली गेली नाहीत त्याचा निकालच लागत नाही, मग सत्कार कोणाचा करणार?

आमच्या वर्गात पहिल्या वर्षाला एक मुलगी होती. मराठीच्या तासाला सर प्रश्न विचारायचे आणि आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडे बघायचो. दिवाळीनंतर ती आली नाही. पुढे कळले की एसटीचा पास आणि घरातली लहान भावंडे, या दोन गोष्टींत तिचे शिक्षण अडकले. आम्ही चार दिवस हळहळलो आणि तिच्या बाकावर दुसरी मुलगी बसली. वर्षाच्या शेवटी मराठीत मी पहिली आले. माझाही सत्कार झाला. तो घेताना मला क्षणभरही वाटले नाही की मी ज्या शर्यतीत पहिली आले, तिच्यातली सर्वांत वेगवान गाडी आरंभरेषेवर नव्हतीच.

एक प्राध्यापक माझ्याशी बोलताना म्हणाले, “मग काय, गुणवत्ता न पाहताच सगळ्यांना मदत करायची? पैसा मर्यादित असतो.” प्रश्न योग्य आहे. माझे उत्तर असे की गुणवत्ता जरूर पाहावी, पण ती निकालपत्रात पाहू नये. रॉन डेनिस यांनी तेरा वर्षांच्या मुलावर पैसे लावले तेव्हा त्यांच्या हातात जगज्जेता नव्हता. त्याला फॉर्म्युला वनपर्यंत पोचायला अजून नऊ वर्षे होती. मधले 2004 चे वर्ष फारसे चांगलेही गेले नाही. तरी नाते टिकले. मदत याला म्हणतात. यश सिद्ध झाल्यावर दिले जाते ते बक्षीस. आपल्याकडे बक्षिसे भरपूर आहेत; मदत कमी आहे, आणि जी आहे ती बहुधा उशिरा पोचते.

म्हणून या पानांतून माझी एक छोटी सूचना आहे. वार्षिक पारितोषिक वितरणावर आपण जो खर्च करतो, त्यातला काही भाग जूनमध्येच वेगळा काढावा. त्यातून पहिल्या वर्षाच्या मुलामुलींचे पास, परीक्षा शुल्क, पुस्तके यांची गरज भागवावी. कोणाला द्यायचे हे वर्गशिक्षक आणि वर्गप्रतिनिधी यांनी मिळून, गाजावाजा न करता ठरवावे. चषक थोडे लहान झाले तर चालतील. आणि वर्षअखेरीस प्राचार्यांच्या अहवालात किती जण पहिल्या वर्गात आले याच्या शेजारी, किती जण मध्येच गेले आणि का गेले, हाही आकडा छापावा. जो आकडा छापला जात नाही त्याची लाज कोणालाच वाटत नाही.

आता शेवटचे. हे लिहिणे मला फार पूर्वी जमायला हवे होते, कारण त्याचे उत्तर आमच्याच घरात होते. बाबा आजारी पडले त्या वर्षी दादा दहावी पास झाला होता. गणितात त्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गुण होते. सुट्टीपुरता म्हणून तो गॅरेजमध्ये गेला आणि तिथलाच झाला. माझी फी, माझी पुस्तके, त्या वादविवाद स्पर्धेला घातलेली साडीसुद्धा, त्याच्या पगारातली. मी व्यासपीठावर उभी राहून ‘गुणवत्तेला पर्याय नाही’ म्हणत होते आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो स्वतःच होता. त्याने ते बोलून दाखवले नाही. हा लेख वाचून दाखवल्यावरही म्हणाला, “त्यागबिग काही लिहू नकोस. उगाच लोक विचारत बसतात.” म्हणून तो शब्द मी वापरलेला नाही.

फक्त एवढे सांगते, की यंदा त्याने बारावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरला आहे. नको नको म्हणत होता, वय झालं म्हणत होता. मी शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेते. फॉर्मचे पैसे त्यातून दिले.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला