एकशे सत्तावीस दाते

मराठीच्या मास्तराने दातेरी चाकांवर लिहावे, हे भटजीने लोहाराची भट्टी फुंकण्यासारखे आहे, असे कुणी म्हणेल. म्हणो बापडा! या चाकांत गणिताइतकेच शहाणपणही आहे.

इंग्लंडात घरामागच्या खोपटात लेथ मांडून फावल्या वेळी यंत्रकाम करणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. त्यांच्यासाठी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक १८९८ साली निघाले. त्यांचा एक लाडका लेथ म्हणजे १९४६ सालचा ‘मायफोर्ड एमएल-७’. बीस्टनचा तो कारखाना २०११ साली बंद झाला. लेथ मात्र अजून फिरताहेत. अडचण एवढीच, की या म्हाताऱ्याला इंचांची भाषा येते आणि आजचे बहुतेक स्क्रू मिलिमीटरांत बोलतात.

लेथवर आटे पाडताना काम फिरते आणि लीड स्क्रू हत्याराला पुढे सरकवतो. दोघांना जोडणारी चाके बदलली, की आट्यांमधले अंतर बदलते. एमएल-७च्या लीड स्क्रूला इंचात आठ आटे. १९५९ साली इंच बरोबर २५.४ मिलिमीटरांचा ठरला. म्हणजे पाच इंचांचे नेमके १२७ मिलिमीटर. १२७ला दुसऱ्या कोणत्याच संख्येने भाग जात नाही. तेव्हा आटे अगदी बिनचूक हवेत तर १२७ दातांचे चाकच हवे.

हे चाक घरी करायचे, तर कडेचे १२७ सारखे भाग कसे पाडायचे? हौशी माणसाची युक्ती पाहा. मोठ्या लाकडी चकतीभोवती १२७ सारख्या खुणांची कागदी पट्टी गुंडाळायची आणि खुणेखुणेने चकती फिरवत त्याच दांड्यावरच्या लहान चाकाचे दाते कापायचे. चकती चौपट मोठी असेल, तर खुणेतली चूक चाकावर चौथाईच उतरते.

एवढे करून हे चाक सहा इंचांहून मोठे. लहान लेथवर बसवताना धडपड. म्हणून दुसरी तोड निघाली : ६३ दात्यांचे चाक. ६३ला २५.४ने गुणले तर १६००.२ येतात, ते वरचे दोन दशांश सोडून द्यायचे. मीटरभर लांबीत चूक होते मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाची.

वाचकहो, हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. १९५७ साली नवे पैसे आले, तेव्हा आण्याचे सव्वासहा होत. पण सुट्या आण्याला सहाच मिळत. एका आण्यात पाव पैशाचे दुःख कोण करतो? मात्र सोळा आणे एकेक करून मोडले, तर रुपयाचे शहाण्णवच हाती!

लेथचेही तसेच. बोटभर बोल्टाला ६३चे चाक खुशाल चालेल. नट तक्रार करणार नाही. पण मोजमापाच्या यंत्राचा लांब स्क्रू कापायचा असेल, तर तीच चूक आट्यागणिक साठत जाते. तिथे १२७च हवेत.

आता अशी चाके घरच्या छपाई यंत्रावर नायलॉनची निघतात. धातूइतकी टिकत नाहीत, पण आवाज कमी करतात आणि काम अडकले तर स्वतःचे दाते पाडून घेऊन महागड्या यंत्राला वाचवतात. छापणे सोपे झाले, तरी दाते किती हा प्रश्न यंत्र सोडवीत नाही. ‘चालवून घेणे’ हा आपला आवडता शब्दप्रयोग. त्यात वाईट काही नाही. फक्त काय चालवून घेतले आणि ते कुठवर चालेल, एवढे करणाऱ्याला ठाऊक असावे.