लावणीची रजा कधी टाकायची?

लालबाग, परळ, गिरगावातल्या अनेक कुटुंबांची भातशेती आजही रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहे. गावी म्हातारे आईवडील किंवा भाऊ शेत सांभाळतो आणि लावणीला चार-आठ दिवसांची रजा काढून चाकरमानी मदतीला जातो. पाऊस मृगाच्या सुमारास येणार, हे त्यात गृहीत असते.

२०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मे रोजी तळकोकणात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईतील सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. मुंबईत पाऊस इतका लवकर येणे दुर्मीळ आहे.

पाऊस लवकर आला की पेरणीही लवकर उरकेल, असे शहरात वाटते. भाताचे तसे नसते. कोकणात मेअखेरीस कोरड्या जमिनीत भाताचे बी पेरतात. या धूळवाफ पेरणीसाठी ढेकळे फोडून माती भुसभुशीत करावी लागते. जमीन आधीच भिजली तर ते जमत नाही आणि तणही माजते. मग चिखल करून मोड आलेले बी टाकण्याची रहू पद्धत उरते. त्यातही पाणी तुंबले तर बी कुजते.

पुढचा पेच लावणीचा. रोप साधारण २१ ते २५ दिवसांचे असताना लावावे लागते. पावसाने ओढ दिली तर ते वाफ्यातच जून होते, फुटवे कमी येतात, उत्पादन घटते. त्यामुळे माणसे हवी असतात ती नेमक्या त्याच आठवड्यात. रेल्वेचे आरक्षण मात्र ६० दिवस आधी सुरू होते आणि हवामान विभागाचा जिल्हानिहाय कृषी सल्ला पुढच्या ५ दिवसांपुरता असतो. रजा चुकली तर मजूर शोधायचे. तेही परवडले नाहीत तर खाचर पडीक.

यावर काही उपाय घरच्या घरी करता येतात. सगळे बी एकदम न टाकता आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा टाकले, तर एक खेप फसली तरी दुसरी हाताशी राहते. हळवे भात फार लवकर पेरणेही धोक्याचे, कारण पाऊस परतण्याआधीच ते कापणीला येते. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे.

आणि रजा कॅलेंडरवरच्या मृगावरून ठरवू नये. गावी बी पडले, त्या दिवसापासून तीन आठवडे मोजावेत. नेमका दिवस पाच दिवसांचा अंदाज पाहून पक्का करावा.