घाटातली गाडी आणि मोडका पाटा



गेल्या पंधरवड्यात शहादा तालुक्यातील एका वाचक बंधूंचे पत्र आम्हांला आले. कर्ज काढून घेतलेली जुनी बोलेरो ते प्रवासी गाडी म्हणून चालवतात. "गाडी मागून डाव्या बाजूला बसली आहे. माणसे भरली की चाक मडगार्डला घासते. मिस्त्री म्हणतो, दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून घे, म्हणजे काळजी मिटली. वाढवू का?" असा त्यांचा सवाल आहे. शेवटच्या ओळीत त्यांनी सहज लिहिले आहे की गाडी तोरणमाळच्या रस्त्यावर चालते. ती ओळ नसती तर आम्ही चार वाक्यांत उत्तर देऊन मोकळे झालो असतो.

तोरणमाळचा रस्ता आम्ही पाहिला आहे. शहाद्याहून म्हसावद, तिथून राणीपूर आणि मग सातपुड्याचा चढ. अक्राणी तालुक्यातले हे ठिकाण समुद्रसपाटीपासून 1,100 मीटरहून अधिक उंच आहे. पर्यटक तिथला यशवंत तलाव आणि सीताखाई पाहून परत येतात. परंतु डोंगरातल्या पाड्यांवरच्या माणसांना बाजार, दवाखाना, कचेरी या सगळ्यासाठी हाच घाट उतरावा लागतो, आणि एस.टी. चुकली की जीपशिवाय त्यांना दुसरे साधन नाही. सात पायरी घाटात एकावर एक अशी वळणे आहेत. वरून खाली पाहिले की आपण आलो तोच रस्ता पायऱ्यांसारखा दिसतो, म्हणून हे नाव. जुलै 2021 मध्ये तोरणमाळजवळच्या सिंदीदिगर घाटात माणसांनी भरलेली जीप दरीत कोसळून कित्येक कुटुंबे उघड्यावर पडली. तो अपघात पाट्यामुळे झाला असे आमचे मुळीच म्हणणे नाही. अशा रस्त्यावर गाडीखालच्या एकाही भागाने दगा देऊन चालत नाही, एवढ्यासाठी आठवण केली.

आमचाच अनुभव सांगतो. तीन हिवाळ्यांपूर्वी आमच्या वस्तीतली चार कुटुंबे मिळून एक गाडी ठरवून आम्ही तोरणमाळला गेलो होतो. जाताना काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी उतरताना घाटात एका वळणावर मागून 'टण्ण' असा आवाज झाला आणि गाडी एका बाजूला कलली. चालक पंचविशीचा मुलगा होता, पण डोक्याने शांत. त्याने डोंगराच्या बाजूला गाडी लावली, चाकांना दगड लावले, सगळ्यांना उतरवले आणि स्वतः खाली वाकून पाहिले. मागच्या डाव्या बाजूचा मुख्य पाटा मधोमध मोडला होता. त्याच्या खालचा पाटा तर आधीच मोडलेला होता.

आम्हीही वाकून पाहिले. मुख्य पाट्याच्या मोडलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजून काळा पडला होता आणि उरलेला अर्धा चांदीसारखा चकचकीत होता. त्याचा अर्थ चालकानेच सांगितला. काळा भाग जुनी चीर, चकचकीत भाग आजचा. म्हणजे पाटा त्या दिवशी मोडला नव्हता, तो कित्येक दिवस मोडत होता. "आठ दिवसांपासून करकर येत होती, काका," तो मान खाली घालून म्हणाला. "पण हप्त्याची तारीख आली. म्हटलं हप्ता भरू, पाटा पुढच्या आठवड्यात बघू." त्याच्यावर रागवायला आमची जीभ वळली नाही. गळके छप्पर, दुखरी दाढ, पोराचा चष्मा, या सगळ्यांना आपणही 'पुढच्या आठवड्यात' म्हणतच आलो आहोत.

बायका-मुलांना मागून आलेल्या गाडीत बसवून दिले. चालकाने चेसी आणि एक्सल यांच्यामध्ये लाकडी ठोकळा घालून दोरखंडाने आवळला आणि रिकामी गाडी पहिल्या गिअरमध्ये खाली नेली. आम्ही पुरुषमाणसे मागून चालत होतो. हा उपाय आम्ही कोणालाही सुचवत नाही. पण तेव्हापासून आम्ही पाट्यांच्या नादी लागलो, हे खरे.

पाटा ही काही नवलाची वस्तू नाही. टांग्याखाली तो आपल्या आजोबांनी पाहिला आहे. बैलगाडीला पाटे नसतात, म्हणून तिच्यात हाडे खिळखिळी होतात. इंग्लंडात 1804 साली ओबादाया इलियट नावाच्या माणसाने बग्गीला असे पाटे लावण्याचे पेटंट घेतले होते. आज बोलेरोच्या मागच्या बाजूला तीच युक्ती आहे. जुन्या महिंद्रा जीपला तर पुढेही पाटेच असत. सर्वांत वरचा लांब पाटा हा मुख्य. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात. एक डोळा चेसीला पक्का असतो आणि दुसरा शॅकलवर झुलतो, कारण वजन पडले की पाटा सरळ होऊन लांबतो, त्याला सरकायला जागा लागते. खालचे आखूड पाटे भार वाटून घेतात. सगळ्यांना मधून शिवणारा सेंटर बोल्ट आणि एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट. यू-बोल्ट सैल झाला की सगळा झटका मधल्या भोकावर येतो आणि पाटा बहुधा तिथूनच चिरतो. आमच्या गाडीचे नेमके असेच झाले होते.

आता तपासणी कशी करावी ते सांगतो. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करा, चारी टायरांत हवा बरोबर आहे ना ते आधी पाहा. मग चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा, डावीकडे आणि उजवीकडे. बोटभराहून अधिक फरक आला तर एका बाजूचा पाटा मोडला आहे किंवा त्याची कमान गेली आहे. घरातल्या भगिनींनीही टेपचे एक टोक धरावे. हप्ता त्यांच्याही घामातून जातो. त्यानंतर बॅटरी घेऊन पाट्यांच्या कडा बघा. चीर बारीक असते, पण तिच्यातून तांबूस गंजाची रेघ बाहेर आलेली दिसते. यू-बोल्टच्या बुडाशी धातू घासून चकाकत असेल तर तो सैल आहे असे समजा. सेंटर बोल्ट तुटला तर एक्सल मागे-पुढे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते. मागून येणाऱ्या गाडीवाल्याला ते चटकन दिसते, आपल्याला दिसत नाही. असे कोणी सांगितले तर गाडी तिथेच थांबवावी, एका खेपेचाही मोह करू नये.

आवाजावरूनही बरेच कळते. गतिरोधकावर हळू जाताना करकर आली तर पाटे कोरडे झाले आहेत किंवा बुश झिजले आहेत. गाडी सुटताना आणि ब्रेक मारताना एकच 'टक्' आला तर शॅकलची पिन किंवा बुश. बारीक खड्ड्यांवर सारखी खटखट असेल तर शॉकअपची रबरे गेली असावीत. मोठ्या खड्ड्यात 'धाड्' झाले म्हणजे पाटा पूर्ण बसून एक्सल रबरी बफरवर आदळला. करकर बंद करायला काही जण खालून जुने ऑइल मारतात. आवाज जातो खरा, पण रबरी बुश तेलाने फुगून खराब होतात आणि धूळ चिकटते ती वेगळीच.

शॉकअपची गोष्ट निराळी आहे, आणि इथे पुष्कळांची गल्लत होते. शॉकअप वजन उचलत नाही, ते काम पाट्याचे. पाटा दबला की उसळतो, ती उसळी थोपवणे हे शॉकअपचे काम. आत तेल आणि दट्ट्या असतो. गाडीचा एक कोपरा अंगाचा भार टाकून दाबा आणि सोडा. वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा डोलत राहिली तर शॉकअप संपला. जड पाट्यांच्या जीपला हाताने दाबून नीट कळत नाही. तिथे शॉकअपवरून तेलाचे ओघळ आहेत का ते पाहा, आणि टायरवर हात फिरवा. रबर जागोजागी खळग्यांसारखे झिजले असेल तर चाक रस्त्यावर नाचत आहे. नाचणारे चाक जेवढा वेळ हवेत, तेवढा वेळ त्याचा ब्रेक कामाचा नाही. घाट उतरताना याचा अर्थ काय होतो, हे चालक बंधूंना आम्ही काय सांगावे! शॉकअप बदलताना डावा-उजवा जोडीनेच बदलावा.

पुढच्या चाकांसाठी गाडी जॅकवर घ्या, खाली भक्कम स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे लावा. विटा लावू नका, त्या भारा‌खाली फुटतात. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. चाक वर-खाली धरून हलवा. प्ले लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून प्ले लागला तर टाय रॉडचे टोक. बॉल जॉइंट निखळला की चाक आडवे पडते, म्हणून त्याची चालढकल नको. ज्या गाड्यांना पुढे गुंडाळीची स्प्रिंग असते, ती दाबलेली स्प्रिंग घरी उघडण्याच्या फंदात पडू नये. ती सुटली तर माणूस जायबंदी होतो. ते काम योग्य हत्यार असलेल्या गॅरेजचे.

आता पत्रलेखक बंधूंच्या सवालाकडे येतो. पाटा वाढवू नका. जादा पाट्याने गाडी उंच दिसेल, पण एक्सल, ब्रेक आणि टायर तेच राहतील. त्यांचा भार एका पाट्याने कमी होत नाही. उलट गाडी ताठ होईल, रिकामी असताना मागची चाके उडतील, आणि आता जो धक्का पाटा गिळतो तो चेसीला बसेल. शिवाय 'आता गाडी तगडी झाली' म्हणून आणखी चार माणसे टपावर चढतील. आमच्या मते खरा धोका तोच. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी असेच कारण शोधत असते.

तुमची गाडी एकाच बाजूला बसली आहे. म्हणजे भार जास्त एवढेच कारण नाही, डाव्या बाजूला काहीतरी मोडले किंवा दमले आहे. पाटे उतरवून एकेक सुटा करून तारेच्या ब्रशने घासा आणि चीर शोधा. मोडका पाटा वेल्डिंग करून घेऊ नका, जोडाशेजारी तो पुन्हा मोडतो. लोहाराकडे लाल तापवून कमान देण्याचा स्वस्त मार्गही टाळा. पाट्याच्या पोलादाला कारखान्यात जे पाणी दिलेले असते ते साध्या भट्टीत उतरते आणि काही महिन्यांत पाटा पुन्हा बसतो. मोडलेला पाटा कंपनीच्या मापाचाच घ्या, आणि दुसऱ्या बाजूची कमान उतरली असेल तर दोन्हीकडचे पाटे बदला. सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आणि बुश नवेच टाका. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, पुन्हा आवळले तरी धरत नाहीत. पैशांची ओढाताण असेल तर शॉकअप महिनाभर पुढे ढकला, पण तोवर घाटात गाडी नेऊ नका, सपाटीवरच्या खेपा करा.

काम झाल्यावर दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, कारण नवे पाटे एकमेकांवर बसताना ते थोडे सैल पडतात. दोन्ही बाजूंचे माप वहीत लिहून ठेवा आणि महिन्याने पुन्हा मोजा. एवढे करूनही चाक घासले तर आम्हांला पुन्हा पत्र टाका. मग चेसीच वाकली आहे का, ते पाहावे लागेल.