रती कोणाची आणि अपराध कोणाचा?

शब्दाचे महत्त्व तुम्हांला कोणी सांगावयास नको. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी ठेवलेली नावे ज्यांना वागवावी लागली, त्यांना नाव ठेवणाराचा हेतू ताबडतोब उमगतो.

कायद्यात ‘व्हॉय्युरिझम’ नावाचा अपराध आहे. त्याचे मूळ फ्रेंच क्रियापद; अर्थ केवळ ‘पाहणे’. आमच्या दंडविधानाच्या हिंदी पाठाने त्यास ‘दृश्यरतिकता’ म्हटले. आमचा आक्षेप या ‘रति’वर आहे. स्त्री न्हाणीत असताना फटीतून डोकावणाराला सुख झाले की नाही, याची चौकशी आपण का करावी? दरोड्याला कोणी ‘धनप्रेम’ म्हणत नाही! ज्याने चोरी केली त्याच्या सुखावरून अपराधाचे नाव पडले, आणि जिची अब्रू चोरली गेली तिचा त्या नावात मागमूस नाही.

गंमत ही की, खुद्द कायदा सुखाची अट घालीत नाही. २०१३ साली भारतीय दंड संहितेत आलेले कलम ३५४-सी आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी लागू झालेले भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ एवढेच विचारते: आपल्याला कोणी पाहणार नाही, असे त्या स्त्रीने साधारणतः गृहीत धरावे, अशी परिस्थिती होती काय?

‘गृहीत धरावे’ या दोन शब्दांत गरिबांचा सारा प्रश्न आहे. जिच्या न्हाणीला दार नाही, गोणपाट टांगलेले आहे, तिने काय गृहीत धरावे? दिल्लीत एका आरोपीने नेमका हाच बचाव केला. घराबाहेरच्या न्हाणीला दार नव्हते, पडदा होता. म्हणून तेथील स्नान खाजगी नव्हे, असे त्याचे म्हणणे. २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि या कलमाखालील त्याची शिक्षा कायम केली. लाकडी दार परवडत नाही म्हणून लज्जा कमी होत नाही, हे न्यायालयापर्यंत जाऊन सिद्ध करावे लागले, याची लाज मात्र समाजाला वाटली नाही.

पहिल्या अपराधास एक ते तीन वर्षे, पुढच्यास तीन ते सात वर्षे कारावास व दंड आहे. छायाचित्र काढू दिले, पण इतरांना दाखविण्यास संमती दिली नाही, तर ते पसरविणेही याच कलमात येते. तेव्हा ठाण्यातील अंमलदार ‘किरकोळ छेडछाड’ असे लिहू लागला, तर त्याला थांबवा आणि कलमाचा आकडा सांगा: सत्त्याहत्तर.